अस्पष्ट नावाचं बटण

"बोलता येत नाय म्हणून काढला म्हणे आपल्या पार्ट्याला."

वीर स्टेशनहून महाडला येणाऱ्या रिक्षात माझ्या डाव्या हाताला बसलेले काका हे ड्रायव्हरला सांगत होते. रिक्षात आम्ही मागे तिघं होतो आणि पुढे ड्रायव्हरला चिकटून एक.

"कोण म्हणतो?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"म्हणतो कशाला, कागदावर हाय. छापील. क्लबनं एक कंपनी लावली व्हती कोचची परीक्षा घ्यायला. त्यांनी लिवलंय, ह्या माणसाचं बोलणं कुणाला समजत नाय."

"मग इतकी वर्षं काय मुक्यानं खेळवत व्हता काय टीम?"

पुढे बसलेला माणूस हसला. काका हसले नाहीत. "आता एका अकादमीनं बोलावलंय त्याला. पण त्यांनी पण तोच कागद मागवलाय. म्हंजे झालंच की." मग ते माझ्याकडे वळले. "गो ताई, बॅग जरा पायाशी घे, गुडघ्याला लागते."

मी बॅग पायाशी घेतली. तिच्यात माझा लॅपटॉप होता आणि तो कागद त्याच लॅपटॉपवर लिहिला गेला होता. महाडात कुठे सोडू, असं ड्रायव्हरने विचारलं तेव्हा मी नुसता हात दाखवला.

मी फुटबॉल बघते. हेच माझं काम. कुणी विचारलं तर 'कंप्युटरचं काम आहे' एवढंच सांगते, कारण पुढचं सांगायला लागलं की लोक विचारतात, तू खेळतेस का. मी शाळेत एकदा चेंडूला लाथ मारली होती. तो कुंपणाबाहेर गेला आणि मी आणायला गेले नाही. तेवढीच माझी कारकीर्द.

नवी मुंबईतल्या एका कंपनीत आम्ही ओळीने स्क्रीनसमोर बसतो. समोर सामना चालू असतो आणि प्रत्येक घटनेसाठी कीबोर्डवर एक बटण ठरलेलं असतं. पास दिला, पास हुकला, चेंडू हिसकावला, कोपऱ्यातून आला, डोक्याने काढला. दीड तासाचा सामना नीट टिपायला अख्खा दिवस जातो. या कामाला खेळाची आवड लागत नाही. गप्प बसून एकाच गोष्टीकडे फार वेळ बघता आलं पाहिजे, आणि मला लहानपणापासून दुसरं काही आलंच नाही. घरी पाहुणे आले की मी त्यांच्या चपला बघून किती वेळ बसणार ते ओळखायचे.

तीन वर्षांनी मला प्रशिक्षकांच्या अहवालांवर घातलं. व्यावसायिक क्लबच्या मालकाला हंगामाच्या शेवटी प्रश्न पडतो की मुख्य प्रशिक्षकाला ठेवावं की बदलावं. संघ जिंकला की हरला हे त्याला माहीत असतंच, त्यासाठी आम्ही लागत नाही. नशिबाने जिंकणारे प्रशिक्षक असतात आणि उत्तम काम करून हरणारेही असतात. आम्ही हंगामाचे सगळे सामने पुन्हा बघतो आणि तीन भागांत लिहितो: बलस्थानं, उणिवा आणि वारसा.

बलस्थानं कुठे बघायची याचे माझे स्वतःचे आडाखे आहेत. गोल खाल्ल्यानंतरची पाच मिनिटं मी दोनदा बघते, कारण तेव्हा संघ शिकवलेलं खेळतो की घाबरून खेळतो ते उघडं पडतं. बदली खेळाडू रेषेवर उभा असताना त्याचा चेहरा बघते. आत गेल्यावर तो थेट आपल्या जागी जातो की इकडेतिकडे बघतो, यावरून प्रशिक्षकाने आठवडाभर काय केलं ते समजतं. वारसा हा रकाना सगळ्यात अवघड. माणूस गेल्यावर मागे काय उरेल ते तो जाण्याआधी लिहायचं असतं. इथे आम्ही बहुतेक वेळा थापा मारतो.

एक प्रशिक्षक होते, नव्वद मिनिटं रेषेवर ओरडत. मालक खूश होता, 'काय तळमळ आहे' म्हणायचा. मी त्यांची प्रत्येक आरोळी घड्याळ लावून तपासली. 'डावीकडे लक्ष द्या' ही आरोळी डावीकडून गोल झाल्यावर यायची. माणूस सूचना देत नव्हता, समालोचन करत होता. दुसरे एक, दर सामन्यात साठाव्या मिनिटाला पहिला बदल करायचे, संघ पुढे असो वा मागे. मी लिहिलं, 'बदलांमागे विचार दिसत नाही.' नंतर कळलं की त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात साठाव्या मिनिटाचा गजर लावलेला होता, आणि तो त्यांच्या गोळीचा होता. गोळी घेताना बदलही उरकून टाकायचे. एका मालकाने बावीस पानांचा अहवाल उघडलाच नाही. फोनवर म्हणाला, "मॅडम, एका शब्दात सांगा." मी फोन पुढे सरकवला. मी फोनवर बोलतच नाही, ते काम रोशनचं. तो आमच्या टीमचा प्रमुख आहे.

या कामाचा मला अभिमान होता, हे लिहायला हवं. सही नसलेला अहवाल एखाद्या मोठ्या माणसासमोर जातो, आणि त्यात जे दिसलं तेच लिहिलेलं असतं, असं मी समजत होते.

पार्टे सरांचा संघ माझ्याकडे आला तेव्हा मी त्यांना ओळखत नव्हते. आडनावावरून पोलादपूरकडचे असतील असं वाटलं, एवढंच. स्वस्तातला संघ, दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला. मिझोरमचा एक, केरळचे दोघं, घानाचा एक उंच बचावपटू, बाकी इकडचे तिकडचे. सुरुवातीला मी नेहमीप्रमाणे आवाज बंद करून बघितलं. चौथ्या सामन्यापर्यंत माझ्या वहीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. हा संघ गोल खाल्ल्यावर घाबरत नाही. समोरचे चालून आले की याचे चार बचावपटू पाठ फिरवून पळत नाहीत, तोंड समोर ठेवून चौघंही एका ओळीत, एका लयीत मागे सरकतात. मी असं दुसरीकडे पाहिलं नव्हतं, आणि तरी कुठेतरी पाहिलेलं वाटत होतं.

मग आवाज लावला. क्लबने पार्टे सरांच्या बाकाजवळ एक माईक ठेवला होता.

"लावणीला चला रे. वाकून. कोण पुढं ऱ्हायला? ओळ मोडली का चिखलात बसलास."

तेव्हा आठवलं. भाताची लावणी करताना बायका अशाच मागे सरकतात, एका ओळीत, समोर बघत. एक जण मागे-पुढे झाली की ओळ फसते. माझी आई तिच्या माहेरी, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, लग्न होईपर्यंत त्या ओळीत होती. लहानपणी बांधावर बसून मी मावश्यांना तसं करताना बघितलं आहे. पार्टे सरांचं सगळंच तसं होतं. बचावाची फळी म्हणजे बांध. प्रतिस्पर्धी घुसला की 'पाणी फुटलं'. "पाण्यामागं नको धावू रे, पुढची वाट बुजव." चेंडूच्या मागे पळू नकोस, तो जिथे जाणार आहे तिथे आधी जा. इंग्रजी पुस्तकांत या गोष्टीवर प्रकरणं आहेत. त्यांनी ती सात शब्दांत सांगितली होती.

आता बटणाविषयी सांगते. प्रशिक्षकाची प्रत्येक सूचना टिपताना दोन बटणं असतात. 'स्पष्ट' दाबलं तर एक चौकट उघडते आणि तिच्यात सूचनेचा अर्थ इंग्रजीत लिहावा लागतो, कंपनीच्या नोंदीत आपलं नाव आपोआप पडतं. 'अस्पष्ट' दाबलं तर काही लिहायचं नसतं. गर्दीचा आवाज, वारा, अशा वेळी ते वापरायचं.

मी पहिल्या सूचनेसाठी 'स्पष्ट' दाबायच्या बेतात असताना रोशन मागून आला. त्याने माझा हेडफोन काढून आवाज स्पीकरवर टाकला.

"ये कौन सी भाषा है यार?"

सगळे ऐकायला लागले. पार्टे सर ओरडत होते, "आरं बांध धर, बांध. झोपलास काय म्हशीगत?" कुणीतरी त्यांची नक्कल केली. तिसऱ्या टेबलवरच्या पुण्याच्या मुलीने, जी खरं तर चांगली आहे, विचारलं, "तू तिकडचीच ना गं? तुला कळतंय का?"

"नाही," मी म्हणाले. "मी महाडची. हे खेड्यातलं काहीतरी आहे. मलाही नाही कळत."

महाडमध्ये मी इंग्रजी शाळेत शिकले. वडील एमआयडीसीत होते, पालकसभेला यायला त्यांना जमायचं नाही. आई यायची. पाचवीत असताना बाईंनी तिला काही विचारलं आणि ती म्हणाली, "घरात अभ्यास करती हो, पण बोलत नाय." मागच्या बाकावरून कुणीतरी 'नाय नाय' म्हणून चिडवलं. पुढच्या सभेला जाताना मी रस्त्यात आईला म्हणाले, "तू नुसती मान हलव. बोलू नकोस." आईने खरंच नुसती मान हलवली, त्या दिवशी आणि दहावीपर्यंत. यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

तर मी 'अस्पष्ट' दाबलं. एकदा म्हटलं की कळत नाही, तर पुढच्या सूचनेला कळून कसं चालेल? एका बटणाने सुरुवात झाली आणि हंगामाचे सगळे सामने मी तेच दाबत गेले. त्यांचं प्रत्येक वाक्य मला समजत होतं. काही वेळा इतकं नेमकं असायचं की हात आपोआप वहीकडे जायचा. वहीत लिहायचे आणि संगणकावर 'अस्पष्ट' दाबायचे. एकदा मिझोरमचा तो डावा बचावपटू घानाच्या उंच माणसावर ओरडला, "बांध! बांध!", आणि तो माणूस मान डोलावून मागे सरकला. ती फीत मी तीनदा बघितली. पार्टे सरांचं बोलणं कुणालाही कळत नाही, या म्हणण्याविरुद्ध याहून मोठा पुरावा नव्हता. खेळाडूंचे आवाज टिपायचा नियम नाही, असं म्हणून मी तो सोडून दिला.

अहवालात या बटणांची एक पट्टी आपोआप तयार होते. स्पष्ट हिरवं, अस्पष्ट करडं. पार्टे सरांची पट्टी जवळजवळ सगळी करडी आली. बलस्थानं मी मनापासून लिहिली. ती माझ्या सगळ्या अहवालांतली सर्वांत चांगली पानं आहेत. उणिवांत लिहिलं, 'संवाद. सूचनांचा मोठा भाग अस्पष्ट. संघातील बाहेरच्या खेळाडूंपर्यंत तो पोचत नसावा.' 'नसावा' या अर्थाचा इंग्रजी शब्द मी मुद्दाम घातला. त्याने आपण खोटं बोलत नाही असं वाटतं. वारशाच्या रकान्यात लिहिलं, 'ठळक वारसा दिसत नाही.'

क्लबने त्यांना काढलं. जागी उत्तम इंग्रजी बोलणारा माणूस आला.

पुढच्या हंगामात तोच संघ पुन्हा माझ्याकडे आला. नवे सर चांगले होते, त्यांच्या सूचनांना मी हिरवं बटण दाबत होते. तिसऱ्या सामन्यात समोरच्या संघाने वेगाने चाल केली आणि माईकमध्ये लांबून आवाज आला, "पाणी फुटला!" तो मिझोरमचा मुलगा नव्हता. तो केरळचा नवा गोलरक्षक होता, पार्टे सरांच्या हाताखाली एक दिवसही न खेळलेला. त्याला ते कुणीतरी शिकवलं होतं. चौघं ओळीत मागे सरकले, वाकून, समोर बघत. नवे सर टाळ्या वाजवत होते.

वारसा म्हणतात तो हा. मी दिसत नाही म्हणून लिहिलेला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात जाऊन बसले. तरी कुणाला काही बोलले नाही. रोशनला सांगायचं म्हणजे तेव्हा मला कळत होतं हे सांगावं लागलं असतं. पाच महिने मी गप्प राहिले. वीर स्टेशनवर त्या रिक्षात बसेपर्यंत.

अकादमीची ती जागा पार्टे सरांना मिळाली नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी चांगल्या शेवटाची वाट बघणार नाही. मी वही समोर ठेवून सगळ्या सामन्यांची बटणं बदलली, दुरुस्तीचा अहवाल पाठवला, रोशनला खरं सांगितलं. तोवर अकादमीने दुसरा माणूस नेमला होता. पण हे सगळं नंतरचं. आधी मी त्यांच्याकडे गेले.

रिक्षातल्या त्या संध्याकाळी घरी आल्यावर आईला विचारलं, पार्टे नावाचे फुटबॉलवाले माहीत आहेत का. तिला वाडीसुद्धा माहीत होती. "मुंबयला गावकीच्या खोलीत वाढला तो. वीस-पंचवीस बाप्ये, सगळे गावचे. म्हणून तर त्याची बोली ऱ्हायली." मग तिने माझ्याकडे बघितलं आणि सकाळची एसटी किती वाजता सुटते ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून महाबळेश्वरची एसटी घेतली आणि आंबेनळी घाट चढायच्या आधी एका फाट्यावर उतरले. चढण पाऊण तासाची. पार्टे सर घराखालच्या खाचरात होते. मागच्या पावसात ढासळलेला बांध नव्याने रचत होते. स्क्रीनवर मी त्यांना इतकं बघितलं होतं की ते मला ओळखत नाहीत हे क्षणभर ध्यानात आलं नाही.

"कुनाची गो तू?" त्यांच्या बायकोने ओट्यावरून विचारलं.

मी आईच्या माहेरचं नाव सांगितलं.

"मंग आमचीच की. ये, बस. आवो, ऐकलं का, तुमच्याकडं आलीय पोर."

सर हात झटकत वर आले. मी फुटबॉलचं काम करते, तुमचे सामने पाहिलेत, असं म्हणाले. ते खूश झाले. "शेहरात शिकलीस वाटतं. पुस्तकातलं बोलतेस." चहा आला. त्यांनी खेळाडूंची चौकशी केली, तो मिझोरमचा कसा खेळतो, उंच्याचा गुडघा बरा झाला का. मी उत्तरं देत राहिले, एकेका वाक्यात. मग ते स्वतःच आत गेले आणि रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो अहवाल घेऊन आले.

"हे बघितलंस काय कधी? क्लबनं दिलं जाताना."

"इंग्रजी आहे," मी म्हणाले.

"वाचता येतं मला. बोलायची लाज वाटते, वाचायची कसली?" त्यांनी चष्मा लावला आणि बरोबर पान काढलं. कोपरे मऊ झाले होते. "हे बघ. लिवलंय, ह्याचा बदली खेळाडू आत जातो तेव्हा कुठं उभं ऱ्हायचं ते त्याला आधीच ठावं असतं. एवढ्या वर्षांत हे कुणी बघितलं नाय. ज्या दिवशी काढला त्याच दिवशी वाचलं आन बरं वाटलं."

"रात्री मला वाचून दाखवत व्हते," त्यांची बायको म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं."

"ज्यानं लिवलं तो हुशार हाय. फक्त हितं चुकला." त्यांनी करड्या पट्टीवर बोट ठेवलं. नखात माती होती. "पण त्याचा तरी काय दोष? दिल्लीचा असंल, नायतर बाहेरच्या देशातला. आपली बोली त्याला कुठनं समजणार? आपण नाय का, बंगाली माणूस बोलला की नुसती मान हलवतो. अकादमीवाल्यांनी विचारलं तरी मी हेच सांगणार, लिवणाऱ्याचा दोष नाय."

त्यांनी कागद परत पिशवीत घातला. इतकी सोपी सुटका मला आजवर कुणी दिली नव्हती. परतीच्या एसटीची वेळ झालीच होती. चहा संपवून, नमस्कार करून मी उतरू शकले असते, आणि ते मला फाट्यापर्यंत सोडायलाही आले असते.

मी कप खाली ठेवला. तोंडात वाक्य आधी इंग्रजीत आलं, मग शाळेतल्या मराठीत. दोन्ही मी गिळली. घराबाहेर कधीच न बोललेल्या आईच्या बोलीत मी म्हणाले, "दोष हाय, सर. ते मी लिवलंय. आन मला सगळं कळत व्हतं."